अडीच आठवड्यांचं सरकार

१

मिसेस हॅलोरन खिडकीजवळच्या खुर्चीत गेलेल्या सापडल्या, तेव्हा समोरच्या भिंतीवरची फोटोची चौकट रिकामी होती. पण ते लगेच कुणाच्या लक्षात आलं नाही.

रोज सकाळी त्यांना आंघोळ घालायला, नाश्ता द्यायला येणारी ब्रीडा त्या मंगळवारी नेहमीप्रमाणे दार उघडून आत आली, गुड मॉर्निंग म्हणाली, पडदे सारले आणि मग त्यांचा हात हातात घेतला. हात गार होता. डॉक्टर येऊन गेले. वय ब्याण्णव, हृदय आधीच थकलेलं, आदल्या संध्याकाळी केव्हातरी बंद पडलं असणार. त्यात संशय घेण्यासारखं काही नव्हतं.

दुपारी त्यांचा सावत्र मुलगा डेक्लन शहराच्या दुसऱ्या भागातून, बॉल्सब्रिजहून आला. बराच वेळ तो आईच्या खुर्चीपाशी उभा राहिला. मग त्यानं मान वर केली आणि त्याला ती चौकट दिसली. काच जागेवर होती, लाकूड जागेवर होतं. आत नुसता तपकिरी पुठ्ठा होता.

तो फोटो घरातल्या सगळ्यांना माहीत होता. मिसेस हॅलोरन मूळच्या नॉर्वेच्या. १९२८ साली तिथे मजूर पक्षाचं पहिलं सरकार आलं आणि जेमतेम अडीच आठवड्यांत पडलं. फोटो त्या मंत्रिमंडळाचा, असं त्या सांगत. टेबलाभोवती बसलेली मंडळी, मागे खिडकी आणि उजव्या कडेला दाराशी उभा असलेला एक तरुण. तो त्यांचा बाप. एका मंत्र्याचा कारकून. सरकार पडलं, त्याची नोकरी गेली, तो जहाजावर चढला आणि परत आला नाही. त्याच वर्षीच्या शरदात मिसेस हॅलोरन जन्मल्या. बापाची एवढीच खूण त्यांच्याकडे होती. गेल्या दहा वर्षांत त्यांची नजर पूर्ण गेली होती, तरी रोज सकाळी टोस्ट खाऊन झाला की त्या काठीनं चाचपत भिंतीपाशी जात आणि काचेवर त्या तरुणाच्या जागी बोट टेकवत.

ऑस्लोतल्या एका खाजगी संग्रहालयाला हा फोटो हवा होता. डेक्लननंच त्यांना लिहिलं होतं. या आठवड्यात कुरिअरवाला येऊन तो घेऊन जायचा होता.

ब्रीडाला विचारलं, तेव्हा ती म्हणाली की शुक्रवारी तिनं चौकटीचं लाकूड पुसलं, फोटो तेव्हा होता. म्हणजे तो शनिवार ते सोमवारच्या दरम्यान गेला. शनिवार-रविवारी ब्रीडा येत नसे. या सोमवारीही तिची सुट्टी होती. घराची दुसरी किल्ली शेजारी होती. डून लेरी या समुद्रकाठच्या गावातल्या त्या रस्त्यावर भिंतीला भिंत लावून राहणाऱ्या भारतीय कुटुंबाकडे.

डेक्लननं शेजारची बेल वाजवली आणि मास्क लावून चार पावलं मागे जाऊन उभा राहिला. दार रविकांत देवधरांनी उघडलं. डेक्लननं आवाज न चढवता सांगितलं की फोटो शुक्रवारपर्यंत परत मिळाला तर तो कुणाला काही बोलणार नाही, नाहीतर गार्डाकडे, म्हणजे इथल्या पोलिसांकडे जाईल.

आत उभ्या असलेल्या केतकीला, त्यांच्या सुनेला, वाटलं की आता बाबा भडकतील. रविकांत एवढंच म्हणाले, "मला काही सांगायचं नाही."

मी घेतला नाही, असं ते म्हणालेच नाहीत.

२

डॉ. विद्या कारखानीस त्याच रस्त्याच्या टोकाला राहायची. सरकारी हॉस्पिटलात वृद्धांच्या वॉर्डात ती काम करत असे. साथीच्या जानेवारीतल्या लाटेत तिनं वॉर्डातली निम्मी माणसं जाताना पाहिली होती आणि शेवटी स्वतःही आजारी पडली होती. आता बरी होती, पण अजून कामावर रुजू झाली नव्हती. म्हातारी माणसं खोटं कशी बोलतात आणि का बोलतात, हे तिला जितकं कळत होतं तितकं त्या रस्त्यावर दुसऱ्या कुणाला कळत नव्हतं. म्हणून केतकीनं तिला फोन केला.

"विद्या, बाबा जेवत नाहीयेत," केतकी म्हणाली. "संकेत म्हणतो, वकील बघू. मला वाटतं, तू एकदा बोलून बघ."

रविकांत नागपूरच्या कॉलेजात युरोपचा इतिहास शिकवून निवृत्त झाले होते. बायको गेल्यावर मुलानं, संकेतनं, त्यांना इकडे आणलं, ते नेमकं सगळं बंद पडायच्या तोंडावर. आधी विमानं नव्हती; मग विमानं सुरू झाली, तर संकेत त्यांना रिकाम्या घरी पाठवायला तयार होईना. पहिले काही महिने ते जवळजवळ मुके होते. हो, नाही, वाढ, पुरे. मग सपोर्ट बबल करायची, म्हणजे एकट्या राहणाऱ्या माणसानं दुसऱ्या एका कुटुंबात मिसळायची परवानगी मिळाली आणि केतकीनं शेजारच्या एकट्या आजींना आपल्या बबलमध्ये घेतलं. पहिल्याच दिवशी मिसेस हॅलोरननी त्यांना विचारलं, प्रोफेसर, आमच्या अडीच आठवड्यांच्या सरकारबद्दल तुम्ही कधी ऐकलंय का? रविकांतनी ते पंचवीस वर्षं वर्गात शिकवलं होतं. अल्पमतातली सरकारं हा त्यांचा आवडता विषय. आपल्याकडे तेरा दिवसांचं सरकार पडलं, तेव्हा तर त्यांनी त्या दोन्हींवर वर्गात आठवडाभर व्याख्यानं दिली होती. त्या दिवशी ते दोन तास बोलले आणि घरी येऊन दोन पोळ्या जास्त खाल्ल्या. तेव्हापासून रोज दुपारी ते शेजारी जात.

विद्या आली तेव्हा ते खिडकीशी पाठ करून बसले होते.

"काका, फोटो कुणी नेला असेल?"

"मला काय माहीत."

"शेवटचे तुम्ही तिथे कधी गेलात?"

गुरुवारी, ते म्हणाले. शुक्रवारपासून गुडघा दुखत होता.

विद्यानं त्यांच्या गुडघ्याकडे पाहिलं. ते पाय दुमडून मांडी घालून बसले होते.

तिनं पुढे काही विचारलं नाही. पण तिला दोन गोष्टी खटकल्या. ज्याच्यावर चोरीचा आळ येतो तो माणूस दुसऱ्या कुणावर तरी संशय घेतो; रविकांतनी ब्रीडाचं नाव घेतलं नाही, डेक्लनचं घेतलं नाही. आणि जिच्याकडे ते रोज जायचे ती मेली होती, तर त्यांच्या चेहऱ्यावर दुःख असायला हवं होतं. दुःख होतंच, पण त्याच्या वर दुसरंच काहीतरी बसलं होतं. वॉर्डात नातेवाइकांच्या चेहऱ्यावर ते तिनं या हिवाळ्यात पुष्कळदा पाहिलं होतं. आपल्यामुळे हे माणूस गेलं, असं ज्यांना वाटत असतं त्यांचा तो चेहरा.

निघताना तिनं केतकीकडून ख्रिसमसचा एक फोटो मागून घेतला. मिसेस हॅलोरन डोक्यावर कागदी मुकुट घालून हसत होत्या आणि त्यांच्या मागे भिंतीवर ती चौकट होती.

३

डेक्लननं तिला घरात येऊ दिलं. तो वाईट माणूस नव्हता. फोटोची फार किंमत येणार होती असंही नाही, तो म्हणाला. त्याला आईसाठी काहीतरी करायचं होतं. संग्रहालयातल्या लोकांकडून तिच्या बापाचं पूर्ण नाव कळेल असं त्याला वाटत होतं. स्वतः तो जानेवारीपासून इकडे आला नव्हता; फोनवरच बोलायचा.

"त्यांना हे पटलं होतं?" विद्यानं विचारलं.

डेक्लन म्हणाला, ती म्हणायची, राहू दे, कशाला. पण म्हातारी माणसं तसं म्हणतातच.

विद्यानं चौकट खिडकीपाशी नेली. काचेवर उजव्या कडेला, बोटाच्या उंचीवर, लोण्याचे पुसट ठसे होते, एकावर एक पडलेले. रोजचं ते बोट. मग तिनं काच तिरपी केली आणि तिला दुसरा डाग दिसला. जाड, पिवळा पडलेला, कित्येक महिन्यांचा. तो डाव्या कडेला होता आणि काचेच्या आतल्या बाजूला होता.

तिनं ते मनाशी नीट लावून पाहिलं. काचेच्या आत कुणाचं बोट जात नाही. तो जुना डागही एके काळी बाहेर आणि उजवीकडेच असणार. चौकटीतून फोटो काढताना कुणीतरी काच बाहेर काढली आणि परत बसवताना उलटी बसवली. बाहेरची बाजू आत गेली, उजवीकडचं डावीकडे आलं. आणि त्यानंतर मिसेस हॅलोरननी नव्या बाजूवर पुन्हा बोट टेकवलं. एकदा नव्हे. निदान पाच-सहा ठसे एकावर एक होते आणि त्या तर रोज सकाळी एकदाच हात लावत.

म्हणजे फोटो शनिवार-रविवारी गेलेला नव्हता. शुक्रवारच्याही आधी गेला होता. जानेवारीपासून न आलेल्या डेक्लनवर तर संशय घेता येत नव्हता. पण मग शुक्रवारी लाकूड पुसताना ब्रीडाला चौकटीत फोटो दिसला कसा?

ब्रीडाला डोळे होते. ती खोटं बोलली होती.

४

ब्रीडाला गाठण्याआधी विद्या रविकांतना घेऊन धक्क्यावर फिरायला गेली. समुद्र करडा होता, वारा बोचत होता. तिनं फोटोचा विषय काढलाच नाही. तिनं त्या सरकारबद्दल विचारलं.

ते आधी टाळाटाळ करत राहिले. मग हळूहळू बोलू लागले. सगळ्यांत मोठा पक्ष, पण बहुमत नाही. सरकार येतं जानेवारीच्या शेवटी आणि फेब्रुवारीच्या मध्याला अविश्वास ठरावावर पडतं. बँका अडचणीत, पैसेवाले घाबरलेले. त्यांचा आवाज चढला, हात हलू लागले. इतक्या थंडीत, ते म्हणाले, रस्त्यावर एवढा बर्फ असताना...

आणि त्यांनी समुद्राकडे तोंड फिरवलं.

विद्यानं फोन काढला, ख्रिसमसचा फोटो उघडला आणि मागची चौकट मोठी करून पाहिली. टेबल. माणसं. दाराशी तो तरुण. मागची खिडकी सताड उघडी होती आणि तिच्यातून एक झाड आत डोकावत होतं. झाड पानांनी गच्च भरलेलं होतं.

"काका, हे सरकार उन्हाळा बघायला उरलंच नव्हतं ना?"

रविकांत कठड्याला धरून उभे राहिले.

"नव्हतं," ते म्हणाले. "ते चेहरे मला ओळखू आले नसते. माझं सगळं पुस्तकातलं. पण झाड तर कुणालाही ओळखू येतं."

मग त्यांनी सगळं सांगितलं. जानेवारीत मिसेस हॅलोरननी त्यांना म्हटलं होतं, मला आता दिसत नाही, तुम्ही एकेक माणसाचं वर्णन करा. ते चौकटीजवळ गेले आणि त्यांना ती पानं दिसली. हे मंत्रिमंडळ नव्हतंच. कुठल्यातरी कंपनीची बैठक असेल, नाहीतर एखादं मंडळ. आईनं पोरीला एक बाप रचून दिला होता. त्यांनी मग खिडकीबाहेरच्या बर्फाचं वर्णन केलं. नंतर डेक्लनचं ऑस्लोला पाठवायचं ठरलं. तिथला पहिलाच माणूस म्हणणार होता, हे ते नव्हे. डेक्लन ते उत्तर तिला फोनवर वाचून दाखवणार होता. ब्याण्णवव्या वर्षी तिनं ते ऐकायचं? गेल्या आठवड्यात, मंगळवारी, त्यांनी फोटो काढून घेतला. तिला दिसत नाही, कळणार नाही. डेक्लनला वाटेल हरवला. विषय संपेल.

"तिला कळलं नाही," ते म्हणाले. "पण एरवी सकाळीच काचेला हात लावणारी ती, दुपारी मी समोर बसलेला असताना उठली आणि त्या रिकाम्या काचेवर बोट ठेवून मला म्हणाली, प्रोफेसर, आज हा खूश दिसतोय. दोन दिवस मी पाहिलं. मग मला जाववेना. गुडघ्याचं सांगून घरी बसून राहिलो. ती वाट पाहत बसली असेल, विद्या. वाट पाहता पाहता गेली."

त्यांनी तिच्याकडून वचन मागितलं. डेक्लनला ती पानं दाखवायची नाहीत. मेलेल्या बाईची आई खोटारडी ठरवायची नाही. मला चोर म्हणतात तर म्हणू दे.

"आणि संकेत-केतकी?" विद्या म्हणाली. "गार्डाकडे तक्रार गेली तर ती त्यांच्याही इथे राहण्याच्या परवानगीच्या कागदांवर येईल."

रविकांत वळून घराकडे चालू लागले. शुक्रवार दुसऱ्या दिवशी होता.

५

चोर सापडला होता, तरी विद्याचं समाधान झालं नव्हतं. रविकांतनी फोटो नेला, तर ब्रीडा कुणासाठी खोटं बोलली? ती त्यांच्याशी धड दोन वाक्यंही बोललेली नव्हती. आणि दुसरी एक गोष्ट तिच्या डोक्यातून जाईना. मिसेस हॅलोरनची नजर गेली होती ती दहा वर्षांपूर्वी. त्याआधीची ऐंशी वर्षं त्यांनी तो फोटो डोळ्यांनी पाहिला होता. ऑस्लोत वाढलेली बाई. फेब्रुवारीत तिथल्या झाडांना पानं नसतात, हे तिला एखाद्या नागपूरच्या प्रोफेसरनं सांगायला हवं होतं?

ब्रीडा चर्चमागच्या बाकावर भेटली. आधी ती म्हणाली की सगळं ग्रँड आहे, छान आहे, तिला काही ठाऊक नाही. विद्यानं तिला काचेवरचे दोन डाग समजावून सांगितले. ब्रीडा हातमोजे काढून परत घालत बसली.

"नोकरी जाईल माझी," ती म्हणाली. "घरातली वस्तू गेली आणि कळवलं नाही म्हणून."

"माझ्याकडून कुणालाही कळणार नाही."

मग ब्रीडानं सांगितलं. ज्या सकाळी फोटो गेलेला होता, त्याच सकाळी मिसेस हॅलोरनना कळलं होतं. काच जुनी होती, त्या तरुणाच्या डोक्याशी तिच्यावर एक बारीक ओरखडा होता. बोट रोज त्या ओरखड्यावर थांबायचं. त्या दिवशी ओरखडा लागला नाही. त्यांनी ब्रीडाला विचारलं, आत काय दिसतंय? ब्रीडा म्हणाली, काहीच नाही, पोलिसांना बोलावते. त्या खुर्चीत बसल्या आणि खूप वेळ हसल्या. मग डोळे पुसले आणि म्हणाल्या, प्रोफेसरला पानं दिसली.

त्यांना वयाच्या दहाव्या वर्षापासून माहीत होतं. त्यांची आई एका श्रीमंताच्या घरी झाडलोट करायची. फोटो तिथल्या टाकलेल्या सामानातला. आईला तसं कधी बोलून दाखवलं नाही. लग्न होऊन इकडे आल्यावर सगळ्यांना तीच गोष्ट सांगितली, कारण दुसरी कुठली गोष्ट नव्हती.

"मग रोज रोज प्रोफेसरांना तीच का सांगायच्या?" विद्यानं विचारलं, जरी तिला उत्तर कळायला लागलं होतं.

"त्या म्हणाल्या, हा माणूस पहिल्या दिवशी आला तेव्हा त्याच्या आवाजात जीव नव्हता. त्या सरकारचं नाव काढलं आणि तो जिवंत झाला. म्हणाल्या, तो माझ्यासाठी खोटं बोलतोय तर त्याला बोलू दे. तुझ्या तोंडातून शब्द निघता कामा नये." ब्रीडानं हातमोजे मांडीवर ठेवले. "तो यायचा बंद झाला तेव्हा त्यांना कळलं होतं, लाजतोय म्हणून. मला म्हणाल्या, मंगळवारी तू जाऊन घेऊन ये त्याला. त्याला सांग, मला एकटीला कंटाळा येतो."

मंगळवारी सकाळी ब्रीडा आली ती हेच ठरवून आली होती.

६

हे रविकांतना सांगावं की नाही, यावर विद्या रस्ताभर विचार करत राहिली. ब्रीडाचं नाव न घेता सांगता येणार होतं. पण जो माणूस समजत होता की तिला काही कळलं नाही, त्याला हे सांगणं म्हणजे त्याचं ओझं उतरवणं की वाढवणं, हे तिला ठरवता येईना. शेवटी शुक्रवारी तिनं डेक्लनला आणि रविकांतना मिसेस हॅलोरनच्या मागच्या अंगणात बोलावलं. दोघं दोन टोकांना उभे राहिले; रविकांतबरोबर केतकीही आली होती. रविकांतनी कोटाच्या आतून टॉवेलमध्ये गुंडाळलेला फोटो काढला आणि बाकावर ठेवला.

विद्यानं वचन दिलेलं नव्हतं; तिनं आधी पानं दाखवली.  मग सांगितलं की तुमच्या आईला हे सगळं आधीपासून माहीत होतं. त्यांनी एका विश्वासातल्या माणसाला सांगून ठेवलं होतं आणि त्या माणसावर माझा विश्वास आहे.

डेक्लन फोटोकडे पाहत राहिला. म्हणूनच ती राहू दे म्हणायची, तो म्हणाला. मी ऐकलंच नाही.

रविकांत बाकाच्या कडेला बसले. केतकीनं जाऊन त्यांचा दंड धरला.

"म्हणजे मी लपून बसलो होतो," ते अखेर मराठीत म्हणाले, "आणि तिला ते माहीत होतं. मी गेलो असतो तर ती काही बोललीही नसती. नुसता जाऊन बसलो असतो तरी चाललं असतं."

त्याचं इंग्रजी कुणी केलं नाही. डेक्लननंही विचारलं नाही.

गार्डाकडे कुणी गेलं नाही. ऑस्लोला डेक्लननं कळवलं की फोटो देता येत नाही, आणि शवपेटीत तो आईच्या हाताखाली ठेवला.

अंत्यविधीला दहाच माणसांना परवानगी होती. डेक्लननं त्यातल्या दोन जागा शेजारी दिल्या. रविकांत काळा कोट घालून विद्याबरोबर गेले. उरलेले शेजारी रस्त्याच्या दोन्ही बाजूंना आपापल्या दाराशी उभे होते. गाडी हळूहळू त्यांच्या मधून गेली. चर्चमध्ये एकेक बाक सोडून बसायचं होतं. धर्मगुरूंनी प्रार्थना सुरू केली आणि गेलेल्या बाईचं नाव घेतलं. रविकांतनी मान वळवून विद्याकडे पाहिलं.

नंतर चहा नव्हता, एकत्र जमणं नव्हतं. लोक हात न मिळवता पांगले. रविकांत फाटकाशी थांबले.

"काय नाव घेतलं ग त्यांनी?"

"रॅग्नहिल्ड."

"एवढ्या दुपारी मी तिथे बसलो," ते म्हणाले. "ती मला प्रोफेसर म्हणे, मी तिला मिसेस हॅलोरन. तिच्या बापाचं नाव शोधायला निघालो होतो आम्ही सगळे, आणि तिचं मी विचारलंच नाही."

त्यांनी नाव म्हणून पाहिलं. पहिल्यांदा चुकलं. विद्यानं परत सांगितलं. ते दोघं समुद्राच्या बाजूनं घराकडे चालू लागले आणि वाटेत ते हलक्या आवाजात ते नाव म्हणत राहिले, जीभ अडखळत होती तोवर, आणि मग नीट येऊ लागल्यावरही.